थांबवायला लागणारा जोर

"वजन गेलं आहे. माल गेलेला नाही," सारिका जामदार तिसऱ्यांदा म्हणाल्या. समोर सोळा माणसं स्वेटर आणि कानटोप्या घालून उभी होती. त्यातली निम्मी त्यांच्याकडे न बघता त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होती.

गाडी बघण्यासारखी होतीच. तिच्यावर बेदाण्याच्या साठ पेट्या रचलेल्या होत्या, सारिकाबाईंचा एक हात मागे तिच्या हँडलवर होता आणि ती फरशीपासून दोन बोटं वर, कशालाही न टेकता उभी होती. खालून हात घातला तर आरपार जात होता. आनंदा कोळीने तो दोनदा घालून पाहिला होता.

"बाई, पण ढकलायला जोरच लागत नाही," आनंदा म्हणाला. "बोटानं जातीय."

"बोटाने जाते, पण हळूहळू वेग घेते. बरोबर?"

"व्हय."

"मग थांबवायलाही बोट लावून तितकाच वेळ थांबावं लागेल. एका झटक्यात थांबणार नाही."

आनंदाने मान हलवली. ही मान सारिकाबाईंच्या ओळखीची होती. बावीस वर्षं त्यांनी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं होतं, आणि काही न कळता हललेली मान त्यांना वर्गाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू यायची.

त्यांचा दीर संग्राम दारातून आत आला. तासगावबाहेरचं हे शीतगृह त्याचं. "वहिनी, थोडक्यात आवरा. बाहेर तीन ट्रक लागलेत."

"भाऊजी, मी दोन दिवस मागितले होते."

"दोन दिवस काय शिकवणार? गाडी आहे, ढकलायची आहे. सीझन संपल्यावर काय ते निवांत शिकवा."

प्रशिक्षण चाळीस मिनिटांत संपलं.

सारिकाबाईंची शाळा दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३९ साली, पटसंख्या घटली म्हणून शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन झाली आणि विज्ञानाच्या दोन शिक्षकांपैकी एक जादा ठरला. त्यांचा नवरा उदय आधीपासून धाकट्या भावाच्या शीतगृहात व्यवस्थापक होता; त्या चाळीस मिनिटांतही तो घड्याळ लावून उभा होता. नव्या गाड्या घेताना सुरक्षा प्रशिक्षक नेमण्याची अट होती. घरातच एक विज्ञान शिक्षिका रिकामी बसली होती. आठवड्यातून दोन सकाळी यायचं, असं ठरलं.

गाडीमागचं विज्ञान मात्र रिकामपणी वाचण्याइतकं साधं नव्हतं, आणि त्याने सारिकाबाईंना खरोखर भुरळ घातली होती. विजेला अजिबात विरोध न करणारे पदार्थ, म्हणजे अतिसंवाहक, शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते. अडचण एवढीच होती, की त्यांना भयानक थंडी लागायची. पाच वर्षांपूर्वी असा एक पदार्थ तयार झाला, की जो नऊ अंश सेल्सिअसच्या खाली अतिसंवाहक व्हायचा. अतिसंवाहक चुंबकाच्या वर धरला की तो चुंबकी क्षेत्रात अडकून पडतो. खाली पडत नाही, वर उडत नाही, बाजूला सरकत नाही. पण चुंबकांची ओळ लांबवर एकसारखी मांडली, तर त्या ओळीच्या दिशेने तो मोकळा असतो. त्या एकाच दिशेला त्याला अडवणारं काहीच नसतं.

नऊ अंश ही महाराष्ट्राच्या हवेत एखाद्या थंडीच्या पहाटेपलीकडे न मिळणारी गोष्ट. रस्त्यावर, कारखान्यात, शेतात या पदार्थाचा उपयोग शून्य. पण बेदाण्याची शीतगृहं बारा महिने चार अंशांवर चालतात. फरशीत चुंबकांचे पट्टे बसवले आणि गाडीच्या पोटाला या पदार्थाच्या विटा लावल्या, की टनभर माल अधांतरी. दारापर्यंत गाडी आणायची, तिथे पट्टा संपायचा आणि माल चाकांच्या ट्रॉलीवर जायचा. कामगारांनी तिचं नाव ठेवलं, तरंगी.

तरंगीला ब्रेक होता. हँडलला एक लिव्हर होता. तो दाबून धरला तरच गाडीखालचे चार रबरी पाय वर उचललेले राहायचे. हात सुटला की पाय फरशीवर टेकायचे आणि घासत गाडी थांबायची. तिच्या साऱ्या रचनेतली ही एकच गोष्ट सारिकाबाईंना सर्वात जास्त आवडली होती, कारण ती माणसाच्या विसरभोळेपणावर विश्वास ठेवून केलेली होती.

*

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. सारिकाबाई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, सूचना द्यायच्या, आणि सूचना ऐकल्या जात नाहीत हे पाहून परत जायच्या.

"आजवर गाडी तुम्ही थांबवत नव्हता," त्या एकदा वैतागून म्हणाल्या. "घर्षण थांबवत होतं. तुम्ही ढकलणं सोडलं, की चाकं आणि फरशी मिळून ती थांबवायची आणि तुम्हाला वाटायचं आपण थांबवली. इथे ते घर्षण नाही. इथे गाडी सोडली, तर ती चालतच राहणार. कुणीतरी किंवा काहीतरी आडवं येईपर्यंत."

त्या दिवशी एकानेच प्रश्न विचारला. सिकंदर मुल्ला, वय बावन्न, तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस. खांदे रुंद, बोलणं कमी.

"म्हणजे बाई, मी किती जोर लावला आणि किती वेळ लावला, त्या दोन्हीचा हिशोब गाडी ठेवती. असंच ना?"

सारिकाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "असंच. जोर गुणिले वेळ. दहा किलोचं ओझं पेलायला जेवढा जोर लागतो, तेवढा बारा सेकंद लावला, की हजार किलोची ही गाडी माणसाच्या चालीने जायला लागते. आता ती बारा सेकंदात थांबवा, तेवढाच जोर पुरेल. अर्ध्या सेकंदात थांबवायची म्हटलीत तर?"

सिकंदरने बोटं मोजली. "चोवीसपट."

"दोनशे चाळीस किलो. तुमच्या अंगावर."

"माणूस मोडंल," सिकंदर म्हणाला.

त्यानंतर तो ज्या पद्धतीने काम करायचा, ती सारिकाबाईंनी दुरून पाहिली होती. समोरून येणारी गाडी धरायची असेल तर तो आधी तिच्या पुढे, तिच्याच वेगाने उलटा चालायला लागायचा. मग दोन्ही तळवे पेट्यांना लावायचा आणि मागे मागे जात तिला हळूहळू रेटायचा. दहा-बारा पावलांत गाडी शांत व्हायची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. समोरून येणारी गाडी धरावी का लागते, हा प्रश्न मात्र सारिकाबाईंना तेव्हा पडला नाही. पुढे कित्येक दिवस त्यांनी याबद्दल स्वतःला माफ केलं नाही.

*

अपघात एका बुधवारी सकाळी साडेअकराला झाला. सारिकाबाई घरी होत्या. उदयचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज इतका सपाट होता, की त्यांना आधी वाटलं काही किरकोळ आहे.

"सिकंदर गाडीत सापडला. सांगलीला नेलंय. कमरेचं हाड मोडलंय म्हणतात."

"कसा सापडला?"

"मध्ये आला."

"मध्ये म्हणजे?"

"अगं, मध्ये म्हणजे मध्ये. चार नंबरच्या दाराशी. तू नंतर बोल."

सारिकाबाई त्या दुपारीच सांगलीला गेल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात सिकंदरची बायको शमशाद बसली होती. तिने सरकून जागा करून दिली. आत सिकंदरला वेदनाशामक दिलेलं होतं. डोळे अर्धवट मिटलेले, पण तो शुद्धीवर होता.

"बाई, जागा नव्हती," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"मागं चालायला. उदयसाहेब बंद दाराशी उभं होतं, फोनवर. पाठ होती त्यांची. गाडी वाजत नाही ना." तो थांबला, ओठ ओले केले. "मी हाळी दिली. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. माझ्याकडं बघितलंच नाही."

"मग?"

"मग काय. एका हातानं त्यांना लोटलं, दुसरा हात गाडीला लावला. गाडी मोठी का माझा हात मोठा." त्याने डोळे मिटले. "पेट्या पडल्या का वो?"

पेट्या पडल्या नव्हत्या. एकही नाही.

*

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, त्यांचा वार नव्हता, तरी त्या शीतगृहात गेल्या. काम चालू होतं. चार नंबरच्या दारासमोरची फरशी धुतलेली होती. त्या पहिल्या गाडीपाशी गेल्या आणि हँडलला हात लावला. लिव्हर आधीच दाबलेला होता. तो तारेने हँडलला आवळून बांधला होता. दुसऱ्या गाडीचाही. आठही गाड्यांचे लिव्हर एकाच जाडीच्या तारेने, एकाच पद्धतीने पीळ देऊन बांधलेले.

"आनंदा," त्यांनी हाक मारली.

आनंदा आला. कालची गाडी त्यानेच ढकलली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"हे कधीपासून?"

"तीन हप्ते झालं, बाई."

"आणि तुम्ही गाडी ढकलून सोडून देत होतात? इकडच्या टोकाने ढकलायची आणि पलीकडे दुसऱ्याने धरायची?"

"त्यानं फेऱ्या दुप्पट होत्यात. परत येताना रिकामं चालायचं नाही, दुसरी गाडी घ्यायची." त्याने खाली बघितलं. "मला वाटलं नव्हतं, बाई. धरणारा सिकंदरभाई होता, म्हणून सोडायचो मी. दुसरा असता तर सोडली नसती."

"तारा बांधायला कुणी सांगितलं?"

आनंदाने तारेच्या पिळावरून अंगठा फिरवला.

"संग्रामभाऊजींनी?"

"नाही, बाई." तो फार हळू बोलला. "आपल्या उदयसाहेबांनी."

*

संध्याकाळी उदय घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक फाईल होती. त्याने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, हातपाय धुतले, आणि जणू विजेचं बिल असावं तशी उघडून सारिकाबाईंच्या पुढे सरकवली.

"उद्या कारखाना निरीक्षक येणार आहेत. प्रशिक्षक म्हणून तुझी सही लागेल."

त्यांनी वाचलं. 'सदर कामगार यास दोन पूर्ण दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. प्रशिक्षित असूनही सदर कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चालत्या गाडीच्या मार्गात आला.' अक्षर उदयचं होतं. वळणदार, एकसारखं. लग्न ठरलं तेव्हा त्याने पाठवलेलं पत्र याच अक्षरातलं होतं.

"दोन दिवस?" त्या म्हणाल्या.

"सारिका, तो तपशील आहे."

"चाळीस मिनिटं होती. तुम्ही घड्याळ लावून उभे होतात."

"अगं, पण शिकवलंस ना? मग चाळीस मिनिटं काय आणि दोन दिवस काय."

"आणि निष्काळजीपणा?"

उदयने खुर्ची ओढली. तो रागावलेला नव्हता. दमलेला होता, आणि त्याला हे लवकर संपायला हवं होतं. "हे बघ. संग्राम म्हणतो, चूक आपली निघाली तर परवाना जाईल. सोळा माणसं घरी बसतील. सिकंदरचा सगळा दवाखाना आपण बघतोय. त्याला काही कमी पडू देणार नाही. कागदावर काय लिहिलं याने त्याला काय फरक पडतो?"

"तो तुमच्यासाठी मध्ये आला."

"मला माहीत नाही. माझी पाठ होती."

"तुम्हाला कुणी लोटलं?"

टेबलावरच्या मीठदाणीचं झाकण त्याने उघडलं आणि बंद केलं.

"त्याने तुम्हाला लोटलं, आणि लोटायला जो हात वापरला तो गाडीला लागला असता तर कदाचित एवढं झालं नसतं," सारिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत होता आणि तो चढतोय याचाही त्यांना राग येत होता. "सोळा माणसांत एकाला, फक्त एकाला, मी काय शिकवलं ते कळलं होतं. अर्ध्या सेकंदात थांबवली तर माणूस मोडेल, हे त्याने स्वतः मला बोटं मोजून सांगितलं होतं. त्याला माहीत होतं. आणि त्याच माणसाला तुम्ही निष्काळजी लिहिताय."

"मग मी काय लिहू?"

"तारा कुणी बांधल्या ते लिहा."

उदयचं तोंड उतरलं. हे तिला कळलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "ते रबरी पाय सारखे अडकत होते," तो म्हणाला. "फरशीच्या सांध्यात. प्रत्येक वेळी गाडी सोडली की टेकायचे, पुन्हा उचलायचे. फेरीला दुप्पट वेळ. संग्राम रोज विचारायचा, एवढ्या महागड्या गाड्या घेऊन काम तेवढंच का? मी काय सांगू त्याला? आणि तीन आठवडे काहीही झालं नाही, सारिका. काहीही नाही."

"सिकंदर धरत होता म्हणून झालं नाही."

त्यांनी फाईल मिटली आणि त्याच्याकडे सरकवली. सही केली नाही. उदय उठला, न जेवता आतल्या खोलीत गेला. सारिकाबाईंनी केलेली आमटी तशीच गॅसवर राहिली, आणि ती वाया जाणार याचंही त्यांना त्या क्षणी तितकंच वाईट वाटलं.

*

निरीक्षक बिडवे मॅडम सकाळी दहाला आल्या. चाळिशीतल्या, बुटक्या, पायात जाड बूट. त्यांनी चहा नको म्हटलं आणि थेट चार नंबरच्या दाराशी गेल्या. संग्राम त्यांच्या बरोबरीने चालत, बोलत होता. उदय दोन पावलं मागे होता. आठही गाड्यांच्या तारा रातोरात काढलेल्या होत्या.

"मॅडम, तुम्हीच बघा," संग्राम म्हणाला. "या गाडीला वजनच नाही. हातावरून गेली तर हाताला लागतसुद्धा नाही, वरूनच जाते. असल्या गाडीने माणसाचं हाड मोडेल कसं? सिकंदर घसरून पडला असणार. वय झालंय त्याचं."

सारिकाबाईंनी ठरवलं होतं, की विचारलं तेवढंच बोलायचं. पण हे वाक्य त्यांना सहन झालं नाही. बावीस वर्षांत हजारो उत्तरपत्रिकांवर त्यांनी या वाक्यावर लाल रेघ मारली होती, आणि ते वाक्य इथे एका माणसाच्या मोडलेल्या हाडाचा खुलासा म्हणून सांगितलं जात होतं.

"मॅडम, मी इथली प्रशिक्षक आहे," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं द्याल का?"

संग्रामने "वहिनी" म्हणून हात पुढे केला, पण बिडवे मॅडमनी मान हलवली.

सारिकाबाईंनी ऑफिसमधून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चार नंबरच्या बंद पोलादी दाराला टेकवून, पट्ट्याच्या अगदी टोकाशी ठेवली. मग साठ पेट्या भरलेली गाडी वीस पावलं मागे नेली. गाडीखालचे रबरी पाय वर उचलले, लिव्हर आपल्या रुमालाने हँडलला बांधला आणि त्या बाजूला झाल्या.

"आता तुम्ही ढकला. एकाच हाताने. मी बारा मोजते. दमायला होणार नाही एवढ्याच जोराने."

बिडवे मॅडमनी तळवा पेट्यांना लावला. गाडी हलली, इतकी हळू की सुरुवातीला ती हलते आहे हे फक्त फरशीच्या रेघांवरून कळत होतं. "चार, पाच," सारिकाबाई मोजत होत्या. मॅडम तिच्यामागून चालू लागल्या. "अकरा, बारा. सोडा."

त्यांनी हात काढला. गाडी पुढे जात राहिली. सावकाश फिरायला निघालेल्या माणसाच्या चालीने. चाकांचा आवाज नाही, मोटरचा आवाज नाही, काहीच नाही. सगळे बघत होते आणि तरीही ती जवळ येते आहे असं कुणाच्या कानाला वाटत नव्हतं. उदय दाराजवळच उभा होता. त्याने नकळत एक पाऊल मागे घेतलं.

गाडी खुर्चीला लागली आणि थांबली नाही. धडक बसली असं म्हणण्याजोगा आवाजही झाला नाही. खुर्चीचे पाय वाकले, पाठ दुमडली, मग प्लास्टिक तडकत गेलं. एकापाठोपाठ एक, कडकड, बिनघाईने. गाडीने तिला दाराशी दाबलं आणि ती दाबतच राहिली, आणि दार व गाडी यांच्यात चपटं काहीतरी उरलं तेव्हा थांबली. वरच्या पेट्यांतली एकही हलली नाही.

आनंदाने तोंडाला रुमाल लावला होता.

"वजन नाही," सारिकाबाई म्हणाल्या, "कारण खाली ओढणारा जोर चुंबकांनी पेलला आहे. पण हजार किलो माल तिथेच आहे, आणि चालत्या मालाला थांबवायचं तर कुणाला तरी त्याची किंमत द्यावी लागते. जागा असेल तर थोडी थोडी. जागा नसेल तर एकदम."

बिडवे मॅडम वाकून खुर्चीचे तुकडे बघत होत्या. "सिकंदर मुल्लांच्या मागे जागा का नव्हती?"

"तिथे एक माणूस उभा होता. गाडीकडे पाठ करून."

"कोण?"

"मी," उदय म्हणाला.

संग्रामने झटकन त्याच्याकडे पाहिलं.

"प्रशिक्षण किती झालं होतं?" मॅडमनी सारिकाबाईंना विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"कागदात दोन दिवस आहेत."

"कागद मी लिहिलेला नाही. त्यावर माझी सहीही नाही."

मॅडमनी वहीत नोंद केली. मग त्यांनी हँडलवरचा रुमाल बोटाने उचलून पाहिला. "हा तुम्ही आत्ता बांधलात. अपघाताच्या दिवशी लिव्हर कशाने बांधला होता? कारण ब्रेक चालू असता, तर ही गाडी अशी आलीच नसती."

"तारेने. आठही गाड्यांचे."

"कुणी बांधायला सांगितलं?"

सारिकाबाईंनी उदयकडे पाहिलं. मघाशी 'मी' म्हणालेला माणूस आता पुन्हा तेच म्हणेल असं त्यांना वाटलं. त्या थांबल्या. त्यांनी त्याला पुरेसा वेळ दिला, इतका की संग्रामने घसा खाकरला आणि बिडवे मॅडमनी पेन वहीवर टेकवून वर पाहिलं. उदय खुर्चीच्या तुकड्यांकडे बघत होता.

"माझ्या नवऱ्याने," सारिकाबाई म्हणाल्या.

*

शीतगृह बंद पडलं नाही. महिनाभर तरंग्या उभ्या ठेवल्या, दंड झाला, आणि प्रत्येक गाडीचा लिव्हर अशा खोबणीत बसवला गेला, की त्याभोवती तारच काय, दोराही गुंडाळता येऊ नये. सिकंदरच्या कागदावरून 'निष्काळजीपणा' हा शब्द गेला. उदयला कामावरून दूर केलं गेलं, आणि ते संग्रामने निरीक्षकांच्या अहवालाची वाट न बघता, दुसऱ्याच दिवशी केलं. "सगळं त्यानेच केलं, मला काही माहीत नव्हतं," असं तो ज्याला त्याला सांगत होता. रोज फेऱ्या मोजणारा माणूस फेऱ्या कशा वाढल्या हे मात्र माहीत नसल्याचं सांगतो, याचा सारिकाबाईंना इतका संताप आला, की त्यांनी त्याला फोन करून दोन वाक्यं सुनावली आणि तिसऱ्या वाक्याआधी फोन ठेवला.

घरात उदय बोलत नव्हता. भांडतही नव्हता. भाजी आणायचा, पाणी भरायचा, वर्तमानपत्र वाचायचा, आणि समोर बसूनही असा वागायचा, की जणू सारिकाबाई दुसऱ्या गावाला गेल्या आहेत. त्यांनी आधी वाट पाहिली, मग चिडल्या, मग एकदा दार आपटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. आपण चूक केली असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. पण ते वाक्य आपल्या तोंडून निघण्याआधी अजून थोडं थांबायला हवं होतं का, हे त्या भांडी घासताना, कपडे वाळत घालताना स्वतःला विचारत राहायच्या, आणि विचारते आहे म्हणून स्वतःवरच वैतागायच्या.

दुसऱ्या महिन्यापासून उदय सकाळी सातला स्कूटर घेऊन बाहेर पडू लागला. कुठे जातो ते त्याने सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. शमशाद बाजारात भेटली तेव्हा कळलं. सिकंदरला घरी आणलं होतं, आणि रोज सकाळी चालण्याचा व्यायाम करायला नेणारा माणूस उदय होता. "पहिल्या दिवशी मी दारातूनच परत पाठवलं त्यांना," शमशाद म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी आमचे हेच म्हणाले, येऊ दे, रिक्षावाल्यापेक्षा बरा सांभाळून नेतो."

त्या अबोल्याच्या पासष्टाव्या दिवशी उदय नऊच्या सुमाराला परत आला आणि नेहमीसारखा वर्तमानपत्राकडे न जाता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सारिकाबाई पोळ्या लाटत होत्या.

"आज त्याने चार पावलं टाकली," तो म्हणाला. "आधाराशिवाय."

लाटणं थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी त्याला विचारलं," उदय पुढे म्हणाला. एकेक शब्द शोधून काढल्यासारखा येत होता. "म्हटलं, तारा मी बांधायला लावल्या, हे तुला ठाऊक होतं. बाईंनी शिकवलेलंही तुला ठाऊक होतं. मग मला लोटून तू का उभा राहिलास? तूही बाजूला व्हायचं."

"काय म्हणाला?"

"चिडला. म्हणाला, साहेब, चालू द्या ना मला, मध्ये मध्ये काय विचारता." उदयने चौकटीला हात टेकला. "मग चौथं पाऊल टाकून झाल्यावर म्हणाला, तुम्ही तरी उगाच डोक्याला लावून घेता. तुमच्या जागी आनंदा असता, तरी मी तेच केलं असतं."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. सारिकाबाईंनी ती उचलून बाजूला टाकली आणि गॅस बंद केला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पासष्ट दिवस साठलेलं बरंच काही.

"उद्या किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं.

"सात."

"मी पण येते," त्या म्हणाल्या, आणि पिठाचे हात तसेच ठेवून त्याच्यासाठी ताट मांडायला वळल्या.